पाणी मारलेला केक

"थीम कन्स्ट्रक्शनची आहे हं, आई," सून पुण्याहून फोनवर म्हणाली, तेव्हा मला आधी वाटलं की ते फ्लॅटमधली एखादी भिंत पाडताहेत. मग कळलं, की नातवाच्या पाचव्या वाढदिवसाबद्दल चाललं आहे. आमच्या मुलाच्या लहानपणी वाढदिवसाला थीम नसे. सकाळी बुद्धवंदना, संध्याकाळी खीर, आणि मधल्या वेळात नेहमीची शाळा. आता विषय निवडावा लागतो आणि खाण्यापासून हात पुसायच्या कागदापर्यंत सगळं त्या विषयाला धरून असावं लागतं. एवढी शिस्त मी पीएचडीच्या विद्यार्थ्यांत पाहिली नाही, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली आहेत.

वाढदिवस या वेळी चंद्रपूरला, आमच्या घरी करायचा होता. कारण सांगितलं गेलं ते असं, की नातवाला आजोबांबरोबर साजरा करायचा आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. मुलाला वडील प्रत्यक्ष पाहायचे होते आणि पाहून ठरवायचं होतं.

तीन वर्षांपासून यांचं विसरणं सुरू होतं. आधी चष्मा, मग आठवड्याचे वार, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा जीप आली का म्हणून ते फाटकाशी दोन तास उभे राहिले. जीप त्यांना निवृत्तीच्या दिवशी शेवटची मिळाली होती. ते सरकारी बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनीअर होते आणि अर्धी नोकरी त्यांनी भामरागडच्या जंगलात, नाल्यांवर छोटे पूल बांधण्यात घालवली. मी इथं, ग्रंथालयात. मुलगा माझ्याजवळ. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद झाला की यांचा पत्ता नसे. फोन नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती निरोप यायचा. कंडक्टर, कंपाउंडर, कधी काम संपवून परतणारी एखादी मजूर बाई. माझ्या काउंटरपाशी उभी राहून ती म्हणायची, "सायबानं सांगतलं, बरा हाय म्हणा. पानी उतरलं का येतो." मी "बरं" म्हणायचे आणि पुस्तकांवर शिक्के मारत राहायचे.

मुलाने नागपूरजवळचं एक केंद्र पाहून ठेवलं होतं. तिथं अशा रुग्णांना सांभाळतात. बाग आहे, डॉक्टर आहेत, माहितीपत्रकावर हसणारे म्हातारे आहेत. माहितीपत्रकावरचे म्हातारे नेहमी हसतच असतात. "आई, तू सहासष्टची आहेस, तू थकलीस," तो म्हणाला. मी म्हटलं, "वाढदिवसाला ये. दोन दिवस बघ त्यांना. मग बोल."

माझ्याकडे एक मोजमाप होतं, ते मी मुलाला सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीच्या सुमारास माझं नाव यांच्या तोंडून गेलं. पण ते मला अजून "तू" म्हणत होते. जगात बाकी कुठल्याही बाईला त्यांनी कधी "तू" म्हटलं नाही. साइटवरच्या घमेलं वाहणाऱ्या पोरीबाळींनासुद्धा ते "बाई" म्हणत आणि "तुम्ही" म्हणत. यावरून बाकीचे इंजिनीअर त्यांची टिंगल करायचे. तेव्हा नाव गेलं तर जाऊ दे, "तू" आहे तोवर मी त्यांच्या हिशेबात बायको आहे, असं मी धरून चालले होते.

मुलगा, सून आणि नातू दोन दिवस आधी आले. सुनेजवळ यादी होती आणि फोनमध्ये फोटो. मी चष्मा लावून पाहिले. चॉकलेटच्या गोळ्यांना खडी म्हणायचं, बिस्किटांच्या चुऱ्याला वाळू. चिप्सच्या वाटीवर पाटी, "काम चालू आहे". सरबताच्या भांड्यावर "डिझेल".

"डिझेल पिणार लेकरं?" मी विचारलं.

"आई, गंमत असते ती."

"आणि हे स्प्रिंग रोल म्हणजे काय?"

"पाइप. सिमेंटचे."

"मग सांभारवडी कर ना. कोथिंबीर भरून गुंडाळलेली, दिसायला तशीच. खायलाही बरी."

तिने थोडा विचार केला आणि यादीत स्प्रिंग रोल खोडून सांभारवडी लिहिलं. सून गुणी आहे. फक्त तिला प्रत्येक गोष्टीचा फोटो आधी दिसतो आणि गोष्ट नंतर.

यादी वाचत असताना हे दारात येऊन उभे राहिले. सुनेने "खडी" म्हटलं आणि त्यांची मान वर झाली. इकडे खडीला गिट्टी म्हणतात, पण शब्द त्यांना दोन्ही माहीत.

"किती एमएमची?" त्यांनी विचारलं.

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "वीस."

"बरोबर. स्लॅबले वीसचीच पाह्यजे. चाळीसची टाकसान तर सळईत अडकते."

कित्येक महिन्यांत ते इतकं सलग आणि इतकं बरोबर बोलले नव्हते. माझ्या डोक्यात तेव्हा जे आलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, हा वाढदिवस म्हणजे देवाने... देव मी मानत नाही, पण म्हणायला शब्द सापडत नाही. मी सुनेला म्हटलं, "केक बाहेरून नको. घरीच करू. स्लॅबसारखा, चौकोनी, मोठा." तिला वाटलं सासूला हौस आली. मला यांना त्यांच्या ओळखीच्या जागी बसवायचं होतं, मुलाच्या डोळ्यांदेखत.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाचही जण बसलो. यांना पाटावर बसवून समोर बिस्किटं आणि खलबत्ता दिला. नातू मांडीला मांडी लावून शेजारी. हे बिस्किटं फोडत होते आणि प्रत्येक मूठ त्याला दाखवत होते. "ही रेती. हे पाह्य, बारीक झाली. यात माती नाई पाह्यजे." शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कालवला त्याला त्यांनी स्वतःहून मुरूम म्हटलं. ते यादीत नव्हतं. सुनेने पाटी लिहून टाकली. चकलीच्या सोऱ्यातून मी लांब लांब शेवेच्या काड्या पाडल्या, त्या सळया. त्या आडव्या-उभ्या मांडताना त्यांनी माझ्या हातातून घेतल्या आणि पुन्हा मांडल्या, सारख्या अंतरावर.

"अशा ठेव वं. तुले कधी जमलं नाई हे."

मी मुलाकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. "बाबा छान आहेत गं," तो हळूच म्हणाला. मी केकचं पीठ फेटत राहिले. हे भांड्यात डोकावले. "का वं, पाणी जास्त झालं का?" मी म्हटलं, दूध आहे. "मंग ठीक."

त्या दुपारी मी जेवले तेव्हा बऱ्याच दिवसांनी जेवणाची चव लागली.

पार्टी चार वाजता होती. दिवाणखान्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्या बांधल्या होत्या, आणि दाराशी पाटी, "साइटवर हेल्मेट सक्तीचे". गल्लीतली बारा-तेरा पोरं प्लॅस्टिकची पिवळी हेल्मेटं घालून आली. त्यांतल्या निम्म्यांचे बाप घुग्घुसकडच्या खाणीत डंपर चालवतात. ती पोरं टेबलावरच्या खेळण्यातल्या डंपरकडे, त्यात भरलेल्या मुरमुऱ्यांकडे, कसनुसं बघत होती. एकानं ठासून सांगितलं, "काकू, याचं टायर लहान हाय. आमच्या बाबाच्या डंपरचं टायर तुमच्या दाराएवढं."

शेजारीण आली, पट्ट्या बघितल्या, पाट्या वाचल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अवो बाई, वाढदिवस हाय का टेंडर?"

केक मधोमध ठेवला होता. करडी साय, वरून गुळगुळीत, कडेने शेवेच्या सळया बाहेर डोकावलेल्या, अर्धवट स्लॅबमधून डोकावतात तशा. खरं सांगते, सुंदर झाला होता. यांना मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी खिशाला पेन मागितलं, ते दिलं.

आधी वंदना झाली. त्रिसरण, पंचशील, सगळं यांनी खड्या आवाजात म्हटलं, एक अक्षर चुकलं नाही. मुलगा अडखळला, हे नाहीत. मी हात जोडूनच मुलाकडे बघत होते, ग्रंथालयात पुस्तकं थकवलेल्या प्राध्यापकाकडे बघायचे तसं. बघ, म्हणत होते मी मनात. बघ जरा.

मग केक कापायचा, तर पुण्याचे दुसरे आजी-आजोबा व्हिडिओवर यायचे होते आणि नेट अडकलं होतं. मुलगा आणि सून फोन घेऊन गच्चीत गेले. पोरं अंगणात सोडली. मी सांभारवड्यांचा शेवटचा घाणा तळायला आत गेले. जेमतेम दहा मिनिटं.

बाहेर आले तर टेबलापाशी हे आणि नातू, दोघंच. यांनी बाह्या वर केल्या होत्या. केकवरची साय त्यांनी चमच्याने सारून कडेला आणि मध्ये बारीक बांध घातले होते. चार सारखे वाफे. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर असेच सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बांध घालतात आणि आत पाणी भरून ठेवतात, म्हणजे उन्हात तो तडकत नाही. नातवाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो एकेका वाफ्यात सांभाळून पाणी ओतत होता.

"आजोबा, अजून?"

"अजून. पूर्ण झाकला पाह्यजे. कोरडं कुठी राह्यलं नाई पाह्यजे."

"मग कापायचा कधी?"

"एकवीस दिवसानं. तवर कोणी वर चढाचं नाई."

"एकवीस?" नातू केकवर चढायच्या कल्पनेनं हसायला लागला. एकवीस दिवस थांबायचं, याचं त्याला काही वाटलं नाही. आजोबांनी सांगितलंय म्हणजे तसंच असणार.

केक खालून विरघळत होता. सळया आडव्या झाल्या होत्या. करडं पाणी टेबलाच्या कडेने फरशीवर टपकत होतं. मी झारा हातात घेऊन उभी होते. यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, माझा घाम, कमरेला खोचलेला पदर, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. मला तो चेहरा माहीत नव्हता. मी कधी साइटवर गेले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही जेवल्या का?"

मी झारा टेबलाच्या कडेला ठेवला.

"स्लॅबच्या दिवशी आधी घमेलंवाल्या जेवतात. मंग बाकी. तुम्ही बसा आधी." त्यांनी स्वतः एक बशी घेतली, तिच्यात दोन सांभारवड्या घातल्या, मुरूम घातला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "घ्या नं, बाई. कुठून येता तुम्ही?"

मी बशी घेतली. म्हटलं, "चंद्रपूरहून."

"चंद्रपूर!" त्यांना आनंद झाला. "मंग माझं एक काम करसान का? तिथी कॉलेजच्या लायब्ररीत आमची बायको हाय. तिले निरोप द्याचा."

"काय सांगू?"

"सांगजा, बरा हाय म्हणा. स्लॅब झाला. पण पाणी मारायले इथी भरोशाचा माणूस नाई. माणूस भेटला का निघतोच." मग आवाज खाली करून, "ती जरा कडक हाय. नुसतं बरं म्हणन अन् शिक्के मारत राहीन. पण तुम्ही राग नका मानू, बाई. तिले बोलता येत नाई, एवढंच. अन् मी बारीक झालो हे नका सांगू."

असे निरोप मी वर्षानुवर्षं घेतले. आणणाऱ्याला मी कधी विचारलं नाही की सांगताना साहेबांचा चेहरा कसा होता. आज पहिल्यांदा पाहिला. माझ्याबद्दल बोलताना तो असा व्हायचा. माझ्यासमोर तो असा कधी झाला नव्हता, कारण माझ्यासमोर मी असायचे.

"सांगते," मी म्हटलं.

"उपकार झाले," ते म्हणाले, आणि नातवाला, "इकडं टाक रे, हा कोपरा सुकला."

मुलगा आणि सून जिन्यात उभे होते. किती वेळ होते कोण जाणे. सुनेच्या हातातल्या फोनवर पुण्याचे आजी-आजोबा हसत हात हलवत होते, नेट नेमकं तेव्हा लागलं होतं. मला वाटलं ती ओरडेल. दोन दिवसांची तिची मेहनत फरशीवर वाहत होती. तिने फोन पालथा केला, आत जाऊन फडकं आणलं आणि यांच्या पायाखालचं पुसलं, घसरतील म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. मी आजवर तिच्याबद्दल मनात जे काही बोलले होते, त्यातलं बरंचसं मी तेव्हा परत घेतलं.

अंगणातली पोरं आत आली. केक बघून खाणवाल्याचा पोरगा म्हणाला, "ह्ये खरी साइट दिसते!" आणि सगळ्यांनी चमचे घेऊन तो चिखल वाट्यांत भरून खाल्ला. वाढदिवस यशस्वी झाला, असं शेजारीण जाताना म्हणाली. तिचं हेल्मेट डोक्यावरच राहिलं होतं.

पोरं गेल्यावर आम्ही पट्ट्या सोडत होतो. मुलगा काही बोलत नव्हता. बोलणारही नव्हता, मला माहीत होतं. माझ्यावर गेला आहे. शेवटी मीच म्हटलं, "तो केंद्राचा फॉर्म आणलायस ना? काढ."

"आई, आज नको. एका केकवरून कशाला..."

"केकचं काही नाही."

त्याला वाटलं मी समजूतदारपणा दाखवते आहे. समजूतदारपणा नव्हता. मोठं मन वगैरे तर अजिबात नव्हतं. घाणेरडे कपडे मी धुतले असते, फाटकाशी दोन-दोन तास उभी राहिले असते. "तू थकलीस" या वाक्यावर मी अजून दहा वर्षं भांडले असते. पण त्यांनी मला दोन्ही हातांनी बशी दिली आणि "तुम्ही" म्हटलं, ते मला सोसवलं नाही. आणि आणखी एक होतं, ते मी त्या दिवशी मुलाला सांगितलं नाही. आपल्याच घरात बसून ते घरी निघायची वाट बघत होते.

मी तरी दोन दिवस थांबले. "तू" परत येतं का बघत होते. सकाळी चहा दिला, "ठेवा बाई." औषध दिलं, "तुम्ही काऊन तरास घेता." तिसऱ्या दिवशी मुलाने फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी लिहायला बसले. समोर हे चहा पीत होते. कागद दिसला की त्यांना राहवत नाही. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान आपल्याकडे ओढलं आणि बोट ठेवून वाचायला लागले, बिल तपासायचे तसं.

"नाव तर आमचंच दिसते."

"हो," मी म्हटलं.

"मंग माणूस चांगला असन." ते स्वतःशीच हसले. "तुमचे मालक का?"

"हो."

"तरास देतात?"

"नाही."

"पीत-बीत असन."

"कधीच नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मंग तिथी काऊन ठेवून राह्यले, बाई?"

मुलगा खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला. मी उत्तर शोधलं. एकतीस वर्षं मी लोकांना हवं ते पुस्तक हवं त्या कपाटातून काढून दिलं आहे. मी त्यांच्यापुढचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

परक्या बाईला घरातलं विचारलं म्हणून हे ओशाळले. "जाऊ द्या. तुमच्या घरचं तुम्ही जाणा," असं पुटपुटत त्यांनी पान उलटलं. शेवटच्या पानावर सह्यांसाठी दोन रेघा होत्या. "इथी साक्षीदार पाह्यजे म्हणते. अन् तुमच्यासोबत तर कोणीच दिसून नाई राह्यलं." खिशातलं पेन त्यांनी काढलं, टोपण मागे लावलं आणि सही केली. वळणदार, न थरथरता, खाली तारीख घालून. साल तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं होतं.

"झालं," ते म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, हा चालणार नाही आई, दुसरा प्रिंट काढावा लागेल. मी म्हटलं, काढ. हा माझ्याकडे राहू दे.

दुसऱ्या प्रिंटवर शेजारणीने साक्षीदार म्हणून सही केली. सोमवारी सकाळी आम्ही त्यांना केंद्रात नेलं.